गलबतावरचे खिळे

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राकाठच्या एका राज्यात एक सुतार राहत होता. गलबते बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या राज्याची एक रीत होती. मोठे गलबत बांधायचे तर आधी त्याची हातभर प्रतिकृती राजाला दाखवायची. राजा जुना दर्यावर्दी. तो डोळे मिटून तिच्यावर बोटे फिरवी. तळाच्या तांब्याच्या पत्र्यावर खिळ्यांची डोकी बोटांना लागली नाहीत, तर म्हणे, "हा पत्रा पहिल्याच वादळात सुटेल," आणि काम दुसऱ्याला देई.

यंदा राजाला आरमारातले सर्वांत मोठे गलबत हवे होते. याच कामाची वाट पाहण्यात सुताराचे केस पांढरे झाले होते. प्रतिकृती झकास उतरली, पण इवल्याशा खिळ्यांपाशी घोडे अडले. मोहरी चिकटवली, तर ती लाडवांएवढी दिसू लागली. खसखस लावली, ती फुंकरीसरशी उडाली. सुतार वैतागून किनाऱ्यावर जाऊन बसला.

परतला तेव्हा बायकोने पत्रा पुढे धरला. त्यावर बारीक खिळ्यांच्या ओळीच्या ओळी उठल्या होत्या.

"अगं, कशानं केलंस हे?"

"करंजीच्या कातण्यानं."

सुतार पोट धरून हसला. पण 'कसं केलंस' हे काही त्याने विचारले नाही. एखादी ओळ दबली तर असू द्यावे, म्हणून ते दातेरी चाकाचे कातणे तिने त्याच्या कनवटीला दिले.

दरबारात बायको मागे गर्दीत उभी राहिली. पुढे राजाची बोटे पत्र्यावर थांबली. "वा! कुठलं हत्यार हे?"

आता भरदरबारात करंजीचे नाव कसे घ्यायचे? "आमच्या घराण्याची गुप्त विद्या आहे, महाराज," सुतार म्हणाला.

"मग या कोऱ्या पत्र्यावर एक ओळ आमच्यासमोर उठव."

सुताराने कातणे काढले. खिळा वरून ठोकायचा, ही त्याची जन्माची सवय. त्याने पत्र्यावर वरूनच चाक फिरवले, आणि खिळ्यांऐवजी खड्डे पडले.

"ही विद्या तुझी नाही," राजा म्हणाला.

हातचे गलबत चालले होते. सुताराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग त्याने मान वर केली. "नाही, महाराज. माझ्या बायकोची आहे. करंज्यांचं कातणं आहे हे. ती बघा, मागे उभी आहे."

दरबारी खो खो हसले. ती मात्र ताठ चालत पुढे आली. "अहो, पत्रा पालथा घाला," ती नवऱ्याला म्हणाली. तिने पत्र्याखाली पदराची घडी ठेवली, पाठीवरून चाक फिरवले आणि पत्रा उलटला. खिळे उठले होते. हसू जागच्या जागी थांबले.

"गलबत तुम्ही दोघांनी बांधायचं," राजा म्हणाला.

गलबत पाण्यात उतरले त्या दिवशी नारळ वाढवायचा मान तिला मिळाला. सुतार गर्दीत ज्याला त्याला सांगत होता, "ती बघा, ती माझी बायको!" त्याची छाती आनंदाने फुगली होती.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: दुसऱ्याचे कसब आपले म्हणून मिरवले की मान खाली जाते, त्याचे नाव घेऊन मिरवले की ताठ होते.