राणीचं रडणं

"मगे तू मामा हस काय मावशी?"

लवू आरशात बघून दाढी करत होता. दशावतारी नाटकात बायकांची कामं करणारा हा नट, आणि त्याच्या पुढ्यात मांडी ठोकून बसलेली देवळाच्या गुरवाची पाच वर्षांची नात, शेवंती.

दाढी झाली. रंग चढला, अंबाडा बसला, साडी नेसून झाली. पोरगी सगळं डोळे फाडून बघत होती.

"आबा, ह्या चेडवाक भायर काडा," लवू पोरीकडे बोट करून वैतागला. "सगळा बघल्यान. नाटकात मधीच बोंबलतला, हो पुरुष म्हणान."

आबा म्हणजे त्याचे गुरू. जन्मभर राण्या केलेला म्हातारा. त्यांनी विडीचा झुरका घेतला.

"बसांदे."

लवूला आपल्या कलेचा भारी गर्व. अंगातला पुरुष असा लपवतो की शोधून सापडायचा नाही, हे तोच चारचौघांत सांगायचा. नाटकाबाहेर मात्र गडी पुरता पुरुष. महिन्याभरापूर्वी त्याची आई गेली. "पुरुषासारखो पुरुष तू, धीर धर," असं चुलता म्हणाला आणि लवूने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याचाही त्याला गर्वच होता. मला विचाराल तर गर्व करावा अशी ती गोष्ट नव्हे.

नाटक सुरू झालं. राणीचा एकुलता एक मुलगा लढाईत पडला. लवूने त्याचं डोकं मांडीवर घेऊन असा टाहो फोडला की पेटीवाला सूर धरायचा विसरला. बोलायचं ते बोलून झालं, तरी राणीचं रडणं थांबेना...

पुढे बसलेली शेवंती उठून उभी राहिली.

"मावशे, रडा नको गो!"

उजाडता उजाडता नाटक संपलं. लवू खुशीत होता.

"बघलात आबा? माका दाढी करताना बघल्यान, तरी फसला!"

आबांनी शेवंतीला हाक मारली.

"गो बाय, हो कोण?"

"लवूमामा."

लवूचा चेहरा पडला.

"मगे नाटकात मावशी कित्याक म्हटलंस?"

"तो रडत होतो मा."

"मामान रडाक नाय?"

शेवंतीने जोरात मान हलवली. एवढंही कसं कळत नाही या म्हाताऱ्याला!

"दादा रडलो की आजो वराडता, चेडू हस काय म्हणान. मामाक पण वराडले असतले." तिने जरा विचार केला. "म्हणान तो मावशी झालो. रडाक."

लवू हसायला गेला...

हसू आलं नाही. पदराची पिन काढता काढता त्याचा हात थांबला. ओठ थरथरायला लागले, तशी त्याने घाईघाईने मान फिरवली आणि पिन पुन्हा ओढू लागला.

आबांनी विडी विझवली. त्याचा हात धरला.

"रवांदे रे," ते म्हणाले. "साडी इतक्यात सोडू नको."