डिंकाने बुजवलेलं पोळं

फार मागे, दरीवरच्या एका उंबराला मधमाश्यांचं पोळं होतं. कुठूनसे बारीक किडे त्यात शिरले. ते मध खाईनात, पिल्लांना चावेनात. घराघरांत नुसते दडून वाढत राहिले. पण त्यांचा वास यायचा.

पोळ्याची रीत अशी, की ज्या घराला परका वास येईल ते पिल्लासकट जबड्यांनी फोडायचं आणि भोक डिंकाने बुजवायचं. पहारेकरणींची म्होरकी भागूबाई त्यात पटाईत. रोज कुठेतरी मेण तडकायचं आणि पिल्लं सांभाळणाऱ्या माश्या जागच्या जागी थिजायच्या.

"भागूबाई, जरा थांबा हो," दाई गोदी एकदा म्हणाली. "किड्यांनी अजून एकही पिल्लू मारलेलं नाही. मेली ती सगळी आपणच मारली."

"मग काय त्यांना पोसू? आज सोडले तर उद्या पोळंभर होतील!"

गोदी आपल्या पिल्लांकडे परत वळली. कारण तेही खरंच होतं.

फोडणं चालूच राहिलं. डिंकाचे डाग एकमेकांना भिडले, दगडासारखे घट्ट झाले. त्यांत ना मध साठे, ना अंडं राही. वास मात्र येतच होता.

एका सकाळी राणीमाशी सगळं पोळं फिरून भागूबाईपुढे येऊन उभी राहिली. "भागू, अंडं घालायला एखादं घर दाखव गं."

भागूबाईने खूप शोधलं. एकच घर उरलं होतं. तिने आत तोंड घातलं, तोच परका वास आला, आणि तिचे जबडे आपोआप उघडले.