निर्दोष म्हणणारे पाच जण

"मग दोषी कोण, बाबा?"

दोषी रावसाहेब दिघे. हे मी इथेच सांगून टाकतो. पुढचं ऐकून कुणाला त्यांची दया आली, तर ती ज्याची त्याने सांभाळावी.

पण हे विचारत होते खुद्द रावसाहेबच. नदीकाठच्या दर्ग्याच्या ओट्यावर, कासमशा फकिरासमोर, उपरण्याची नीट घडी मांडीवर ठेवून.

ते दिवस ज्यूरीचे. खुनाचा खटला निघाला की गावातले पाच भले लोक कोर्टात नेऊन बसवायचे. त्यांनी साक्षी ऐकायच्या, एका खोलीत जाऊन ठरवायचं आणि त्यांच्या प्रमुखाने उभं राहून जज्जाला सांगायचं, दोषी की निर्दोष.

भले म्हणजे ज्यांच्याकडे कोट होता ते.

लिंबा नावाड्याच्या खटल्यात प्रमुख होते रावसाहेब, पेन्शनर मामलेदार. बाकीचे चौघं म्हणजे एक कापडवाला शेठ, एक डॉक्टर, हायस्कूलचे हेडमास्तर आणि एक इनामदार.

लिंबाच्या नावेतून पलीकडे जाताना सावकाराचा पोरगा बुडाला होता. लिंबा म्हणत होता, तोल गेला. सावकार म्हणत होता, ढकलला. नावेत तिसरं कुणीच नव्हतं.

ज्यूरी खोलीत गेली आणि पान जमवून खायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आली.

दोषी. पाचच्या पाच.

जज्जाने फाशी सुनावली. हायकोर्टाने ती कायम केली. दयेचा अर्ज मुंबईला गेलेला होता, पण तारीख सोमवारची ठरली होती. रावसाहेब ओट्यावर आले तो बुधवार.

कॉलेजला रामराम ठोकून मी तेव्हा दर्ग्यातच राहत होतो. म्हणून हे सगळं माझ्या कानांवर आलं.

"कशातला दोषी विचारतोस?" बाबा म्हणाले. बाबा सगळ्यांनाच अरेतुरे करायचे. रावसाहेबांना केलं की मला फार बरं वाटायचं.

"परवा एका लग्नात डॉक्टर माझ्या शेजारी जेवायला होते. म्हणाले, रावसाहेब, मला तो नावाडी निर्दोष वाटला होता."

"मग?"

"मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, मलाही तसंच वाटलं होतं. हेडमास्तरही तेच म्हणाले. इनामदारही तेच."

"आणि तुला?"

रावसाहेबांनी उपरण्याची घडी मोडली. परत घातली.

"मलाही... तसंच."

मी पाय हलवत बसलो होतो, ते थांबले. पाच जणांना वाटत होतं निर्दोष. पाच जणांनी सांगितलं दोषी. मग त्या खोलीत आणखी कोण होतं?

"आधी कोण बोललं?" बाबांनी विचारलं.

"मी."

"काय?"

"दोषी."

"का रे?"

"चौघांचे चेहरे मला तसे दिसले. म्हटलं, हे सगळे दोषी म्हणणार. आपण एकटे वेगळं कशाला बोला... उगाच हसं व्हायचं."

"आणि ते चौघं?"

"ते म्हणतात, रावसाहेबांसारखा माणूस दोषी म्हणतोय, आता आपण काय बोलणार!"

बाबा हसले नाहीत. मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. मग माझं मलाच कळेना की यात हसण्यासारखं काय होतं.

"लिंबाने ढकलला का त्याला?" बाबा म्हणाले.

"माहीत नाही."

"मामलेदार होतास तेव्हा ढिगाने निकाल द्यायचास ना?"

"ते बांधाबांधांचे. चूक झाली तर वर अपील असायचं." रावसाहेबांचा आवाज चढला. "आणि इथे मी एकटा नव्हतो, बाबा! पाच जण होतो आम्ही. पाच शहाणी माणसं कायदा एवढ्यासाठीच बसवतो ना, की एकाची चूक दुसऱ्याने काढावी? मग एकट्या माझ्यावर कसं येईल?"

"तुझ्यावर आलंय असं कुणी म्हटलं?"

"...कुणी नाही."

"मग तू इथे का आलास?"

रावसाहेबांनी नदीकडे पाहिलं. खाली कुणीतरी धुणं आपटत होतं.

बाबा उठून त्यांच्यासमोर आले. म्हणाले, "मी विचारतो, तू सांग. लिंबा दोषी की निर्दोष?"

आणि स्वतःची घोंगडी ओढून त्यांनी तोंड झाकून घेतलं. सगळं. दाढीचं टोकसुद्धा दिसेना.

रावसाहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. समोर नुसती काळी घोंगडी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुद्दाम.

"हा काय पोरखेळ आहे?" रावसाहेब म्हणाले. "मी सांगतो ना. मला वाटतं... म्हणजे साक्षी पाहता..."

घोंगडी हलली नाही.

"बाबा, आपल्याला काय वाटतं?"

घोंगडी तशीच.

"अरे, तू तरी बघ इकडे," ते मला म्हणाले. पहिल्यांदाच माझ्याशी बोलले होते. एरवी मी ओट्यावर असलो काय नि नसलो काय, त्यांना सारखंच. मी चुन्याचे पोपडे बघत राहिलो.



"निर्दोष," रावसाहेब म्हणाले. इतकं हळू की नदीवरच्या आवाजात बुडून गेलं असतं. आणि लगेच, "...नाही का?"

बाबांनी घोंगडी काढली.

"हेच जज्जाला जाऊन सांग. कलेक्टरला सांग. आज."

"एकट्याने?"

"मग?"

रावसाहेब उभे राहिले. चेहरा उजळला होता. मला वाटलं, निघाला म्हातारा.

"मी चौघांना विचारून घेतो," ते म्हणाले. "पाचही जण मिळून गेलो तर वजन पडेल."

आणि घाईघाईने टांग्यात जाऊन बसले.

मी बाबांवर भडकलो. म्हटलं, तोंड झाकण्यापेक्षा त्याचं मानगूट धरून कलेक्टरकडे न्यायचं होतंत. तुम्ही म्हातारे सगळे सारखे. एकाला अब्रू लागते, दुसऱ्याला उपदेश लागतो, आणि जीव जातो तो नावाड्याचा.

बाबा म्हणाले, "तू का नाही नेलंस?"

मी म्हटलं, माझं कोण ऐकणार?

मला अजून कळलेलं नाही की तेव्हा मी खरं बोललो की रावसाहेबांसारखं.

गुरुवारी शेठ म्हणाले, डॉक्टर येत असतील तर येतो. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, हेडमास्तरांना विचारा. हेडमास्तर म्हणाले, इनामदारांच्या कानांवर घालू. इनामदार शिकारीला गेले होते. हे सगळं मला टांगेवाल्याने सांगितलं. चार दिवस तोच या भल्या लोकांना एकमेकांच्या दारी फिरवत होता.

सोमवारी सकाळी टांगा दर्ग्यापाशी थांबला. पाचही जण उतरले. पाचांच्याही अंगात कोट. इनामदारांनी तर फेटाही बांधला होता.

"बाबा, झालं!" रावसाहेब लांबूनच म्हणाले. "काल संध्याकाळी सगळे तयार झाले. निर्दोष. पाचच्या पाच. कचेरीत जायच्या आधी म्हटलं आपला आशीर्वाद घ्यावा."

"कचेरीत?"

"कलेक्टरसाहेबांकडे. अकराला उघडते ना. काल रविवार पडला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे.

उभी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या या माणसाला खरंच वाटत होतं की सरकार जे काही करतं ते अकरानंतर करतं.

"फाशी उजाडायच्या आत देतात," मी म्हणालो. "लिंबाचा भाऊ गाडी घेऊन गेलाय जेलवर. मघाशी इथूनच गेला."

शेठने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी इनामदारांकडे. मग चौघांनी मिळून रावसाहेबांकडे.

त्या पोराला लिंबाने ढकललं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या पाचांनाही माहीत नव्हतं. कदाचित ढकललंही असेल. तसं असेल तर मग मी कशाने एवढा पेटलो होतो? याचं उत्तर मी खूप शोधलं. सापडलं नाही.

रावसाहेब ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. कोटासकट.

"निर्दोष होता तो," ते म्हणाले. कुणाच्याही तोंडाकडे न बघता. मोठ्याने, स्पष्ट. नदीवरच्या बायकांनीसुद्धा वर पाहिलं. "मी सांगतो. मी, रावसाहेब दिघे, सांगतो. निर्दोष होता."

बाबा त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"बाबा... आता तरी बरोबर बोललो ना?"

"तुझं उत्तर एकाच माणसाला हवं होतं, रावसाहेब. तो पहाटे गेला."