दिवाणखान्यातला नगारा

फार पूर्वीची गोष्ट. राज्यं उदंड होती आणि शहाणपण सगळ्यांना पुरत नव्हतं, तेव्हाची.

डोंगरमाथ्यावर एक लहानसं राज्य होतं. तिथल्या प्रधानाला पत्रं लिहिण्याची भारी हौस. नदीपलीकडच्या अफाट साम्राज्याचा महामंत्री हा त्याचा जुना पत्रमित्र. राज्य कशासाठी असतं, राष्ट्राचं ध्येय काय असावं, यावर दोघं पानंच्या पानं लिहीत आणि एकमेकांची वाहवा करीत. पत्रातली मैत्री मोठी सोयीची असते. तिथे कुणी कुणाच्या अंगणात पाय ठेवत नाही.

या राज्यात एक रीत होती. आलेलं राजपत्र आणि त्याचं उत्तर, दोन्ही वाड्यापुढच्या पटांगणात सगळ्यांसमोर वाचायचं. आपल्या नावाने कोण काय बोलतंय, हे रयतेला कळायला हवं ना!

एके दिवशी महामंत्र्याचं पत्र आलं. प्रधान खुशीत उभा राहिला, घसा खाकरला आणि वाचू लागला.

"आपले राज्य लहान आहे. आपल्या लोकांना कारभाराची समज नाही. त्यांच्या भल्यासाठी आम्ही त्यांना आमच्या छत्राखाली घेत आहोत..."

प्रधान वाचता वाचता थांबला. इतक्या वर्षांचा मित्र, आणि हे असं? पुढचं अक्षर त्याला दिसेना.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा आवाज आला. "'आम्ही रस्ते बांधू, तंटे मिटवू. आज तुम्हाला राग येईल, उद्या तुमची लेकरे आम्हाला दुवा देतील.' असंच हाय ना फुडं?"

प्रधानाने कागद डोळ्यांजवळ नेला. शब्दन् शब्द तोच होता.

बोलणारी खालच्या, नदीकडच्या खोऱ्यातली एक आजीबाई होती.

"आजीबाई, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"अवो, तुमीच तर वाचलं व्हतं आमच्या खोऱ्यात येऊन. तवापास्नं पाठ हाय. त्याच दिशी आमचा नगारा उचलून न्हेलात की."

खोरं राज्याला जोडलं, त्या दिवशीचा तो जाहीरनामा प्रधानाच्याच हातचा होता. त्याची नक्कल त्याने मोठ्या अभिमानाने महामंत्र्याला धाडली होती. भाषा कशी साधली ते कळवा, असंही वर लिहिलं होतं! आता पत्राच्या तळाशी महामंत्र्याने कळवलं होतं, "मजकूर आपलाच घेतला आहे. याहून चांगले मला सुचले नसते."

पण गप्प बसेल तो प्रधान कसला! त्याने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि वाचलं, "कोणत्याही राष्ट्राला दुसऱ्यावर राज्य करण्याचा अधिकार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाई तेवढी उठून पुढे आली.

"लई ब्येस लिवलंत. मंग आमचं खोरं कवा सोडताय? ते ऱ्हाऊ द्या, निदान नगारा तरी द्या. खिंडीत परका शिरला की तो वाजवायचा, ही आमची वाडवडलांची चाल. आवाज पार हितवर यायचा. तुमच्या बाजूनं उभं ऱ्हाऊ आमी."

तो नगारा प्रधानाच्या दिवाणखान्यात टांगलेला होता. नोकर तो रोज पुसत. पाहुणे गंमत म्हणून त्यावर टिचकी मारून बघत.

"तुमची गोष्ट वेगळी आहे, आजीबाई," प्रधान म्हणाला. "तुम्ही तर आमचेच."

हे शब्द कानावर पडले आणि तो स्वतःच दचकला. महामंत्रीही हेच म्हणाला असता! पण भरल्या पटांगणात बोललेलं मागे कसं घ्यायचं? त्याने घाईघाईने पत्रावर मोहोर उठवली.

साम्राज्य त्या उत्तरासाठी थांबलंच नाही. पुढच्याच पंधरवड्यात भर दुपारी प्रधान एका दुसऱ्या पत्रासाठी छानसा शब्द शोधत बसला होता, आणि खिडकीखाली घोडे खिंकाळले. लेखणी हातातून गळाली. शत्रू दारात, आणि कुणाला पत्ता नाही! उलट टपाल येईपर्यंत कोण येतंय, या भरवशावर वेशीचे दरवाजेसुद्धा सताड उघडे होते. संध्याकाळपर्यंत राज्य बुडालं.

सैनिकांनी प्रधानाचा दिवाणखाना रिकामा केला. नगाराही काढून गाडीवर चढवला. तो महामंत्र्याच्या दिवाणखान्यात शोभणार होता. दोरखंडाने बांधलेला प्रधान हे बघत उभा होता. कैद्यांच्या रांगेत त्याला ती आजीबाई दिसली.

"एवढं सैन्य तुमच्या खोऱ्यातून आलं!" तो ओरडला. "तुम्ही कळवलं का नाही?"

आजीबाईच्या डोळ्यांत राग नव्हता. ती रडत होती.

"माझा ल्योक निघाला व्हता की पळत. घोड्याफुडं माणूस किती पळंल, बाबा? त्यो वाटंतच पडला, पुन्यांदा उठला न्हाई. आन् वाजवायचा नगारा तर तुमच्या घरात व्हता."

गाडी हलली. खड्ड्यात चाक आदळलं, तसा नगारा आपोआप एकदा घुमला. साऱ्या डोंगरात तो आवाज गेला. प्रधानाने मान खाली घातली.

तात्पर्य : आपल्याला हवं असलेलं स्वातंत्र्य जो दुसऱ्याला देत नाही, तो स्वतःचंही गमावून बसतो.