भिंतीखालची पंगत

सोनदरी हे एवढंसं राज्य. तिथलं धरण शेजारच्या बादशहाने बांधून दिलेलं, आणि तीस वर्षं डागडुजीला कारागीरही त्याचेच येत. एका पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं असताना बादशहाचा वकील भर दरबारात गरजला, "किल्ला आमच्या हवाली करा, नाहीतर कारागीर आजच परत नेतो. मग भिंत फुटेल आणि तुम्ही सगळे बुडाल!"

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. खालच्या गावात बाया पोरांना छातीशी धरून पाण्याचा घोंघाट ऐकत बसल्या.

तेव्हा गवंडीण केरूबाई पुढे झाली. "वकीलसाहेब, आमची रीत आहे. भिंत राखणारा भरल्या धरणाखाली बसून जेवतो. चला, पान वाढलंय."

वकील पांढराफटक पडला. "वेड लागलंय का? तिथं कोण बसेल?"

"मी. दहा वर्षं बसतेय, नातवंडं घेऊन. तुमच्या माणसांनी शिकवलं, आम्ही शिकलो. न्या त्यांना खुशाल."

वकिलाने घाबरून आपल्या कारागिरांच्या म्हाताऱ्या मुकादमाकडे पाहिलं.

मुकादम खाली मान घालून म्हणाला, "खरंय, साहेब. आम्ही आता फक्त जेवायला येतो."