तीनदा पडलेली साळू

यातला एक शब्द जरी तू खरा मानलास ना, तर तुला मानलं!

लई वर्सांमागं जनावरांचीबी निवडणूक व्हायची. आमच्या डोंगराची सरपंच व्हती साळू नावाची सायाळ. अंगभर काटे, हार घालायला गेलं की फुलांची चाळण! झऱ्यावर दरड पडून पाणी अडलं, म्हणून ही बया थेट जंगलाच्या मोठ्या सभेला उभी राहिली, गव्याच्या विरोधात. पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा तर सातच मतं.

मुंगूस म्हणालं, "साळूताई, आता बास की! रान हसतंय."

"हसू दे. झऱ्यावरची दरड बाजूला कुणी ढकलली रं?"

"गव्यानं. मतं मागाय आला व्हता तवा."

"अन् दुसऱ्या खेपेला डोंगरावरची वाट?"

"त्यानंच तुडवून दिली."

"मी नसते तर तो बिनविरोध आला असता. मग या डोंगराकडं ढुंकून तरी बघितलं असतं का त्यानं?"



साळूनं ऐटीत काटे फुलवले. "चवथा अर्ज भरतेय. सूचक कोण?"

मुंगसानं चिखलात पंजा बुडवला अन् अर्जावर दाबून उमटवला.

झालं. ऊठ, जा आता घरी!