शेजारच्या पेशी

एकदा एका वयोवृद्ध शास्त्रज्ञांकडे एक शिष्या पेशींचा अभ्यास करत होती. अभ्यासाची रीत मोठी नाजूक. काचेच्या बशीत, पोषक द्रवात जिवंत पेशी वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकातून त्यांतली एक निवडायची आणि केसाहून कितीतरी बारीक अशा किरणांच्या झोताने नेमका तिच्या केंद्रकाचा वेध घ्यायचा. नेम धरण्याचे काम तिचा गुरुबंधू करी. अंधाऱ्या खोलीत निळसर उजळलेल्या त्या पेशी पाहताना शिष्येला वाटे, आपण झोपलेल्या गावावरून तरंगत चाललो आहोत. तासन्‌तास ती तिथे हरवून जाई.

पण निकाल काही केल्या जुळेना. झोत सोडलेल्या पेशींची केंद्रके तुटत, ते ठीकच. मात्र ज्यांच्याकडे झोत फिरकलाही नव्हता, अशा शेजारच्या काही पेशींतही तीच मोडतोड दिसे. आणि तिने तर याच शेजारणी निरोगी म्हणून तुलनेला धरल्या होत्या! सगळ्या मेहनतीवर पाणी पडणार असे दिसताच तिचा तोल सुटला. भर प्रयोगशाळेत, इतर विद्यार्थ्यांसमोर, ती गुरुबंधूला म्हणाली, "दादा, तुमचा नेम भटकतो. निदान कबूल तरी करा." तो यंत्र पुसत राहिला. मग ती गुरूंकडे गेली. "सर, त्यांना या कामावरून काढा, नाहीतर मी तरी जाते."

आपल्या पद्धतीतच खोट असेल, ही शंका विद्वानांना जरा उशिराच येते. गुरूंनी झोत सोडलेल्या बशीतला द्रव गाळून घेतला, एकही पेशी त्यात राहू दिली नाही, आणि शिष्येने जिवापाड जपलेल्या एका ताज्या बशीत तो ओतला.

ती ओरडलीच, "सर, ही बशी यंत्राच्या खोलीतसुद्धा नेलेली नाही!"

"म्हणून तर घेतली." तशाच दुसऱ्या बशीत त्यांनी, जिच्यात झोत सोडलाच नव्हता अशा वेगळ्या बशीतला द्रव ओतला. "आता वाट पाहा."

वाट पाहता पाहता एका दुपारी तिचा डोळा लागला. त्याच निळ्या गावातून ती अनवाणी चालली होती. कुठल्याशा घरात कुणीतरी कण्हले आणि गल्लीतली दारे एकेक करून उघडू लागली. पुढे काय झाले ते कळायच्या आत तिला जाग आली.

तिने दोन्ही बशा तपासल्या. दुसरीत सगळे जागच्या जागी होते. पहिलीत मात्र ठिकठिकाणी केंद्रकांचे तुकडे विखुरले होते. "इथे तर कुणी नेमच धरला नव्हता," ती पुटपुटली.

"अगं, नेम पहिल्यापासून अचूकच होता," गुरू म्हणाले. "घाव बसलेली पेशी गप्प राहत नाही. ती आसपासच्या द्रवात काहीबाही सोडते आणि ते शेजारणींपर्यंत पोचतं. झोत लागला नाही म्हणून तू ज्यांना निरोगी धरलंस, त्याही त्याच पाण्यात राहत होत्या. तुलनेसाठी वेगळी बशी हवी होती, एवढंच चुकलं. हे नीट मांडलंस तर हाच तुझा प्रबंध आहे."

तिला हायसे वाटले. गुरू मात्र थांबले नव्हते. "त्या दिवशी तू दादाला बोललीस, तेही नेम धरूनच. तेव्हापासून इथे कुणी आपली फसलेली बशी दाखवायला आणत नाही. गुपचूप फेकून देतात. आलंय का तुझ्या लक्षात?"

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण खरेच, तिच्या लक्षात आले नव्हते.

सकाळी सगळे जमल्यावर ती गुरुबंधूसमोर उभी राहिली. "दादा, तुमचा नेम बरोबर होता. तुलना मी चुकीची धरली. आणि सगळ्यांसमोर बोलले, तेही चुकलंच." तो संकोचून हसला. मग कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने कपाट उघडले, आत लपवलेली बशी काढली आणि शिष्येपुढे ठेवत हळूच म्हणाली, "ताई, माझं काय चुकलंय, जरा बघता?"